गणिताचा प्रोफेसर धनगरांच्या वाटेने चालत गेला आणि त्याला महाराष्ट्राचा जुना नकाशा सापडला

दिवाळी झाली की मुलुंड ओलांडून भिवंडी, वाड्याकडे जाणाऱ्यांना एक दृश्य हमखास दिसतं. रस्त्याच्या कडेने चाललेली मेंढरं, घोड्याच्या पाठीवर बांधलेला संसार आणि सोबत धनगरांची कुटुंबं. नगर जिल्ह्यातल्या ढवळपुरीसारख्या गावांमधून ही मंडळी घाट उतरून कोकणात येतात आणि पावसाळ्याआधी माघारी जातात.

आपल्यासाठी तो पाच मिनिटांचा ट्रॅफिक जॅम असतो. पण या वाटा म्हणजे इतिहासाचा पुरावा आहे, हे एका माणसाने साठेक वर्षांपूर्वी दाखवून दिलं होतं. गंमत म्हणजे तो माणूस पेशाने इतिहासकार नव्हताच. तो होता गणितज्ञ.

नाव दामोदर धर्मानंद कोसंबी. जग त्यांना डी. डी. कोसंबी म्हणून ओळखतं.

जन्म ३१ जुलै १९०७ चा, गोव्यातला. वडील धर्मानंद कोसंबी म्हणजे बौद्ध धर्म आणि पाली भाषेचे मोठे अभ्यासक. ते शिकवायला अमेरिकेत गेले, सोबत मुलगाही गेला. दामोदर तिथेच शाळा शिकले आणि १९२९ मध्ये हार्वर्डमधून पदवीधर झाले. भारतात परतल्यावर त्यांनी बनारस, अलीगढ आणि पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजमध्ये गणित शिकवलं. पुढे होमी भाभांनी त्यांना मुंबईत नव्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये बोलावलं. घर पुण्यात आणि नोकरी मुंबईत, त्यामुळे डेक्कन क्वीनचा प्रवास आयुष्याचा भागच झाला.

आता प्रश्न पडतो, असा माणूस धनगरांपर्यंत पोहोचला कसा?

सुरुवात झाली नाण्यांपासून. संख्याशास्त्र तपासून बघायला त्यांनी जुनी नाणी वजन करायला घेतली. नाणं जितकं जास्त हातांतून फिरतं तितकं ते झिजतं, हा साधा हिशोब. अशी हजारो नाणी त्यांनी तोलली. मग पुढचा प्रश्न आला, ही नाणी पाडणारे आणि वापरणारे लोक कोण होते? उत्तरासाठी त्यांनी संस्कृत ग्रंथ उघडले. पण ग्रंथात राजे होते, पंडित होते. शेतकरी, मेंढपाळ, रानातली माणसं जवळपास नव्हतीच.

मग कोसंबी थेट चालायला लागले.

पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर त्यांना बोटाच्या पेराएवढी दगडी पाती सापडू लागली. अश्मयुगातल्या माणसाची ही हत्यारं. कोसंबींनी ती नुसती गोळा केली नाहीत, कुठे सापडतात आणि कुठे नाही याची नोंद ठेवली. त्यातून एक गोष्ट समोर आली. ही पाती बऱ्याचदा धनगरांच्या जुन्या वाटांवर आणि म्हसोबा किंवा एखाद्या आईच्या ठाण्याजवळ सापडत होती.

त्यांनी धनगरांशी बोलून त्यांचं वर्षाचं गणित समजून घेतलं. मेंढरांना सततची ओल आणि चिखल सोसत नाही, त्यामुळे पावसाळा कोरड्या मुलखात काढायचा. पाऊस संपला की चाऱ्यामागे निघायचं. वाटेत शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवायची. त्याला लेंडीखत मिळतं, धनगराला धान्य मिळतं. कुठल्या महिन्यात कुठे पाणी, कुठे गवत, हे सगळं डोक्यात. कागदावर काहीच नाही.

एक गोष्ट तर भन्नाटच होती. काही धनगर एडक्याचं खच्चीकरण करायला लोखंडी सुरी न वापरता गारेचा नुकताच फोडलेला धारदार टवका वापरत. ताज्या फुटलेल्या दगडाच्या धारेवर जंतू नसतात, त्यामुळे जखम चिघळत नाही. म्हणजे म्युझियममध्ये काचेआड ठेवलेलं तंत्र विसाव्या शतकात पुण्याच्या आसपास जिवंत होतं. आणि ते वापरणाऱ्यांना त्यामागचं कारणही अनुभवाने माहीत होतं.

इथून कोसंबींनी मोठा निष्कर्ष काढला. आधी मेंढपाळांच्या वाटा, त्यावरून पुढे व्यापारी मार्ग, त्या मार्गांजवळ बौद्ध लेणी. पंढरीच्या वारीच्या रस्त्यातही त्यांना हीच जुनी हंगामी भटकंती दिसली. लेणी म्हटलं की आपल्याला जगापासून लांब, शांत जंगल आठवतं. पण आपल्या बोरिवलीची कान्हेरी बघा. तीही सोपारा आणि कल्याण या जुन्या बंदरांच्या टापूतच आहे.

देवांची लग्नंही त्यांनी अशीच वाचली. दोन दैवतांचं लग्न लागतं तेव्हा बऱ्याचदा त्यामागे दोन समाज जवळ आल्याची आठवण असते, असं त्यांचं म्हणणं होतं.

हे सगळं १९५६ चं भारतीय इतिहासावरचं पुस्तक आणि १९६२ चं 'मिथ अँड रिअॅलिटी' यातून जगासमोर आलं. आक्षेपही आले. दगडी पातं आणि देवाचं ठाणं एकाच जागी सापडलं म्हणून हजारो वर्षांची अखंड परंपरा सिद्ध होते का, हा प्रश्न रास्तच आहे. पण जिवंत माणसांकडे बघून इतिहास विचारायचा, ही पद्धत मात्र टिकली.

किंमतही मोजावी लागली. १९६२ मध्ये टीआयएफआरने त्यांचा करार पुढे वाढवला नाही. भाभांशी मतभेद होते. अणुऊर्जेऐवजी सौरऊर्जेकडे लक्ष द्या, हे कोसंबी तेव्हा जाहीरपणे सांगत होते. २९ जून १९६६ ला पुण्यात झोपेतच त्यांचं निधन झालं. वय फक्त ५८.

त्यांची वाट पुढे चालवली ती गुंथर सोंथायमर या जर्मन अभ्यासकाने. धनगरांमध्ये राहून त्यांनी बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबाचा अभ्यास केला, धनगरी ओव्या टेप केल्या. १९९२ मध्ये तेही गेले. त्यांनी टेप केलेल्या बिरोबा आणि धुळोबाच्या कथा २०१४ मध्ये इंग्रजी पुस्तकातून वाचकांपर्यंत पोहोचल्या.

२००८ मध्ये भारत सरकारने कोसंबींच्या नावाने पोस्टाचं तिकीट काढलं. पण ज्यांच्याकडून ते शिकले, त्या धनगरांच्या वाटा आता हायवे, गोदामं आणि कुंपणांमध्ये अडकत चालल्या आहेत. ग्रंथ जळला तर त्याची दुसरी प्रत कुठेतरी मिळू शकते. वाट बंद झाली आणि पुढच्या पिढीने मेंढरं सोडली, तर त्या वाटेवरचं पाणी, गवत आणि देव माहीत असणारा माणूसच उरत नाही.