शेठ वालचंद हिराचंद

सांगली आणि सातारा ही दोन्ही शहरे समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या पूर्वेस वसलेली आहेत. येथील मुलांच्या परिचयाचे पाणी कृष्णामाईचे आणि परिचयाची नाव म्हणजे पैलतीरी नेणारी होडी. तरीही सांगलीच्या नामांकित अभियांत्रिकी महाविद्यालयाला ज्यांचे नाव दिले आहे, त्या पुरुषाने आपले आयुष्य वेचले ते आगबोटींसाठी. ते पुरुष म्हणजे शेठ वालचंद हिराचंद.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे एका जैन व्यापारी कुटुंबात झाला. जन्मानंतर लवकरच ते मातेच्या प्रेमाला पारखे झाले. सोलापूर, पुणे व मुंबई येथे त्यांचे शिक्षण झाले. घरच्या पिढीजात व्यापारात त्यांचे मन रमेना. रेल्वेतील एके काळचे कारकून लक्ष्मण बळवंत फाटक यांच्या भागीदारीत त्यांनी रेल्वेच्या बांधकामाचे ठेके घेण्यास प्रारंभ केला. पुढे भोरघाटातील बोगद्यांसारखी अवघड कामेही त्यांच्या हातून पार पडली.

इ. स. १९१९ मध्ये एका आगगाडीच्या प्रवासात त्यांना समजले की, ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांची ‘लॉयल्टी’ नावाची आगबोट विकावयाची आहे. पहिले महायुद्ध नुकतेच संपले होते. हिंदुस्थानचा समुद्रव्यापार जवळजवळ सर्वस्वी इंग्रज कंपन्यांच्या हाती होता. वालचंदांनी ही संधी दवडली नाही. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद व लल्लुभाई सामळदास यांच्या साहाय्याने त्यांनी ती बोट विकत घेतली आणि ‘सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी’ स्थापन केली. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून इंग्लंडला निघाली.

परंतु बोट विकत घेणे निराळे आणि ती चालविणे निराळे. बोटीच्या कुशीवर एक रेषा रंगविलेली असते. माल भरता भरता ती रेषा पाण्याला टेकली की, वर एक पोतेही चढविता येत नाही. ठरावीक मुदतीने बोट सुक्या गोदीत घेऊन तिचा तळ तपासावा लागतो. कप्तान व इंजिनिअर परीक्षा उतरलेले असावे लागतात. इ. स. १९१२ मध्ये ‘टायटॅनिक’ बुडाली, तेव्हा तिच्यावरील जीवनौका सर्वांना पुरण्याजोग्या नव्हत्या आणि दीड हजारांवर माणसे प्राणास मुकली. तेव्हापासून जीवनौकांविषयीचे नियम अधिकच कडक झाले. हे नियम जाचक वाटतात खरे. पण त्यांतील एकेका नियमामागे कोणाचा तरी प्राण गेलेला असतो.

‘लॉयल्टी’ अठ्ठावीस वर्षांची जुनी बोट होती. तिने कंपनीला लाभ दिला नाही आणि थोड्याच वर्षांत ती मोडीत निघाली. तथापि तिने वालचंदांना एक धडा दिला. बोट आपली असली, तरी तिच्यावरील वरिष्ठ अधिकारी परके, तिची तपासणी व विमा करणारे परके आणि नवी बोट बांधावयाची तर गोदीही परकी! नियम पाळण्याची विद्याच आपल्यापाशी नसेल, तर दुसऱ्यांच्या दारी तिष्ठावेच लागणार.

पुढील काळ कसोटीचा होता. इंग्रज कंपन्यांनी मालाचे भाडे उतरवून सिंदियाला जेरीस आणले. इ. स. १९२३ मध्ये कंपनीला करार करावा लागला. त्यान्वये दहा वर्षे तिच्या बोटींना परदेशाचा मार्ग बंद झाला आणि किनाऱ्यावरील व्यापारावर समाधान मानावे लागले. वालचंदांनी हा कडू घोट गिळला. पण धीर सोडला नाही. इ. स. १९२७ मध्ये मुंबईस ‘डफरिन’ या बोटीवर हिंदी तरुणांना नौकाधिकाऱ्याचे शिक्षण मिळू लागले. तेथून तयार झालेल्या तरुणांना सिंदियाच्या बोटींवर काम मिळाले. इ. स. १९२९ मध्ये वालचंद कंपनीचे अध्यक्ष झाले.

गोदीची उणीव त्यांनी विशाखापट्टण येथे भरून काढली. २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील जहाजबांधणी कारखान्याची कोनशिला बसली. पुढच्याच वर्षी त्या शहरावर जपानी बाँब पडले आणि काम खोळंबले. तरीही ते पुन्हा उभे राहिले. १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते ‘जलउषा’ ही आठ हजार टनांची आगबोट सागरात सोडण्यात आली.

वालचंदांचा उद्योग समुद्रापुरता नव्हता. विमाने व मोटारी यांचे कारखाने त्यांनी काढले. सातारा रोड येथील नांगर व इंजिने करणारा कूपर कारखानाही त्यांच्या उद्योगसमूहात आला. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेत सिद्धपूर येथे त्यांचे देहावसान झाले. इ. स. १९४७ मध्ये सांगलीस निघालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला इ. स. १९५५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले.

सिंदिया कंपनी पुढे काळाच्या ओघात मावळली. परंतु ‘लॉयल्टी’ ज्या दिवशी निघाली, तो ५ एप्रिल हा दिवस इ. स. १९६४ पासून राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. कृष्णाकाठच्या त्या महाविद्यालयात यंत्रविद्या शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना वालचंदांचे चरित्र हेच सांगते की, धाडसाने बोट बंदराबाहेर पडते. पण ती सुखरूप परत येते, ती ज्ञानामुळे आणि शिस्तीमुळे.