बूर्दों यांची वाकडी नळी

ऑपरेशन थिएटरमधले सक्शन मशीन सुरू केले की गोल डायलवरचा काटा शून्य सोडून हलतो. ऑक्सिजन सिलिंडरवर किती वायू उरला, हेही तसाच एक काटा सांगतो. दोन्हींच्या पोटात बहुधा एकच वस्तू असते, इंग्रजी ‘सी’सारखी वळवलेली धातूची चपटी नळी. ती शोधणारे युजेन बूर्दों १८०८ साली पॅरिसमध्ये रेशमाच्या व्यापाऱ्याच्या घरी जन्मले. वडिलांनी धंद्यासाठी जर्मन शिकायला न्यूरेंबर्गला धाडले, पण मुलाचा जीव यंत्रांत. वडील गेल्यावर त्यांनी व्यापार सोडला आणि १८३२ साली स्वतःचा कारखाना काढला. वाफेच्या इंजिनांच्या छोट्या प्रतिकृती ते करत.

त्या काळी बॉयलर फुटून माणसे मरत. दाब मोजायचा तर पाऱ्याची काचनळी लागे. सहा वातावरणांच्या दाबाला पारा पंधरा फूट चढणार! इंजिनावर ती बसवायची कुठे?

एकदा कारखान्यात वेटोळे घातलेली नळी चेपली गेली. तिला पुन्हा गोल करण्यासाठी बूर्दों यांनी आत दाब दिला, तर वेटोळेच उलगडू लागले. दुसऱ्या कुणी ती नळी भंगारात टाकली असती. बूर्दों यांनी १८४९ साली तिचे पेटंट घेतले आणि १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात पदक मिळवले. मात्र धातूच्या डबीचा बॅरोमीटर करणारे ल्युसियाँ विदी यांनी त्यांना कोर्टात खेचले. (आपल्या डायलच्या बीपी यंत्रात विदींच्या जातीची डबी असते.)

नळीचे एक टोक पक्के, दुसरे बंद आणि मोकळे. आत दाब वाढला की नळी किंचित सरळ होते. हवा ओढून घेतली की बाहेरची हवा तिला दाबते, ती अधिक वाकते. ही हालचाल जेमतेम काही मिलिमीटरची. दातेरी चाके ती वाढवून काट्याला देतात.

म्हणजे काटा फक्त आतल्या-बाहेरच्या हवेतला फरक दाखवतो. अकोल्याला हवेचा दाब सुमारे ७३५ मिलिमीटर, चिखलदऱ्याला ६७० च्या आसपास. तिथे पंप कितीही चांगला असो, काटा ७६० गाठणार नाही. मशीन बिघडले म्हणून मेकॅनिकला बोलावू नये.

वॉर्डात मात्र या काट्याकडे दुर्लक्ष नको. श्वासनलिकेतला कफ ओढताना मोठ्या माणसाला १५० आणि नवजात बाळाला १०० मिलिमीटरच्या वर जाऊ नये. नाजूक अस्तर सोलवटून रक्त येते, बाळाचा ऑक्सिजन उतरतो. म्हणून कॅथेटर आत घालण्याआधी नळी बोटांनी चिमटून आकडा पाहावा. मशीन बंद असताना काटा शून्यावर नसेल, तर नळी कायमची वाकली असावी किंवा काटा सरकला असावा. तो डायल बदलूनच घ्यावा.

बूर्दों १८७२ साली निवृत्त झाले, पण प्रयोग थांबले नाहीत. १८८४ मध्ये, वयाच्या ७६ व्या वर्षी, वाऱ्याचा वेग मोजणारे नवे यंत्र तपासताना ते पडले आणि त्यातच गेले.