हुतात्मा बाबू गेनू

जुन्नरशेजारच्या आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळ या खेड्यात १९०८ साली बाबू गेनूचा जन्म झाला. घरची गरिबी, म्हणून तो मुंबईस जाऊन गिरणीकामगार झाला.

परदेशी मालावर जकात बसली, की तो महाग होतो व देशी धंद्यांना आधार मिळतो. परंतु १८९६ साली इंग्रज सरकारने परदेशी कापडावर शेकडा ३.५ रुपये जकात ठेवून देशी गिरण्यांच्या कापडावरही तेवढाच कर लादला. १९२६ साली तो कर रद्द झाला. तरी परदेशी कापड येतच राहिले. १९३० च्या सत्याग्रहात लोकांनी त्यावर बहिष्कार घातला.

१२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवी भागात परदेशी कापडाची मोटार अडविण्यासाठी बाबू रस्त्यावर आडवा झाला. मोटार त्याच्या अंगावरून गेली. जे काम जकातीने करावयाचे, त्यासाठी एका तरुण कामगाराने आपले प्राण वेचले.