विश्लेषण : दक्षिण आफ्रिकेच्या पोटात लेसोथो स्वतंत्र कसा राहिला? राजा मोश्वेश्वेची कहाणी

मार्च २०२५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी काँग्रेससमोरील भाषणात लेसोथोचा उल्लेख केला, तो या देशाचे नाव कुणी ऐकलेलेही नाही अशा शब्दांत. लेसोथोत त्यावर नाराजी उमटली. चहूबाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला हा जेमतेम ३० हजार चौरस किलोमीटरचा देश नकाशावर आहे, हेच खरे तर आश्चर्य. त्याचे मोठे श्रेय जाते दीडशे वर्षांपूर्वी मरण पावलेल्या एका राजाला.

हा देश आहे कसा?

लेसोथोला समुद्र नाही, आणि शेजारी देश एकच. पण उंचीच्या बाबतीत त्याला जगात तोड नाही. या देशातील सर्वांत सखल जागाही समुद्रसपाटीपासून सुमारे १४०० मीटर उंचीवर आहे. थाबाना एन्टलेन्याना हे शिखर ३४८२ मीटरचे. थंडीत इथे बर्फ पडतो, म्हणून गुराखी जाड लोकरीची घोंगडी पांघरून तट्टांवरून फिरतात. लोक बासोथो, त्यांची भाषा सेसोथो. शेतीजोगी जमीन मात्र फारच थोडी. ती थोडी का उरली, याचे उत्तर मोश्वेश्वेच्या आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत आहे.

मोश्वेश्वे कोण होता?

जन्म साधारण १७८६ चा, उत्तरेकडील मेन्क्वानेंग गावचा. वडील मोखाचाने हे एका छोट्या शाखेचे प्रमुख. मुलाचे नाव लेपोको. तरुणपणी त्याने शेजारच्या प्रमुखाची गुरे इतक्या सफाईने पळवली, की वस्तऱ्याने दाढी उतरवावी तशी. वस्तऱ्याच्या त्या आवाजावरूनच मोश्वेश्वे हे नाव पडले, असे सांगतात. पोरगा तापट होता. मोहलोमी या वृद्ध, जाणत्या प्रमुखाच्या शिकवणीमुळे तो निवळला, असे बासोथो मानतात.

१८२० च्या दशकात या भागावर ‘लिफाकाने’ कोसळले. झुलू राज्याचा विस्तार, दुष्काळ, बंदूकधारी टोळ्यांचे छापे या सगळ्यांतून एक टोळी दुसरीवर, दुसरी तिसरीवर आदळत गेली. पिके जळाली, गुरे संपली, काही ठिकाणी माणसे माणसांना खाऊ लागली.

थाबा बोसिऊचा डोंगर का महत्त्वाचा?

बुथा-बुथेच्या डोंगरावर वेढा पडल्यावर आपली जागा सुरक्षित नाही, हे मोश्वेश्वेने ओळखले. १८२४ मध्ये तो आपल्या लोकांना घेऊन दक्षिणेकडे निघाला. वाटेत मागे पडलेल्या त्याच्या आजोबांना, पीटे यांना, नरभक्षक टोळीने पकडून खाल्ले. मंडळी जिथे पोहोचली तो थाबा बोसिऊ, म्हणजे रात्रीचा डोंगर. माथा सपाट, कडे उभे, वर जायला मोजक्याच खिंडी आणि माथ्यावर झरे व कुरण. रात्री हा डोंगर उंच होतो, अशी आख्यायिकाच शत्रूंत पसरली. मोश्वेश्वे जिवंत असेतो हा डोंगर कुणालाही जिंकता आला नाही.

पुढे आजोबांना खाणारी माणसे हाती लागली, तेव्हा लोकांना सूड हवा होता. आजोबा ज्यांच्या पोटात गेले ती माणसे म्हणजे त्यांची कबरच, आणि कबरीला धक्का लावायचा नसतो, अशी भूमिका राजाने घेतली. त्या माणसांना त्याने गुरे दिली, वसवले. यात राजाचा दयाळूपणा होताच, पण हिशेबही होता. त्याला माणसे हवी होती. आश्रयाला येणाऱ्याला तो आपली गुरे सांभाळायला देई. दूध सांभाळणाऱ्याचे, मालकी राजाची. ‘माफिसा’ या पद्धतीने विखुरलेल्या टोळ्यांचे एक राष्ट्र तयार झाले. १८३१ मध्ये एन्डेबेले फौज डोंगरावर चाल करून आली आणि मार खाऊन परत फिरली, तेव्हा त्याने तिच्यामागे वाटखर्चाला गुरे पाठवली. ती फौज पुन्हा आली नाही.

गोऱ्यांशी सामना कसा केला?

१८३३ मध्ये त्याने फ्रेंच मिशनरी बोलावून घेतले. धर्म हे एक कारण, पण बाहेरच्या जगाची माहिती आणि इंग्रजांना पत्रे लिहू शकणारा माणूस हे अधिक मोठे. यूजेन कासालिस यांनी ते काम वर्षानुवर्षे केले. स्वतः मोश्वेश्वेने बाप्तिस्मा मात्र शेवटपर्यंत घेतला नाही.

डिसेंबर १८५२ मध्ये केप वसाहतीचे गव्हर्नर जॉर्ज कॅथकार्ट यांनी दहा हजार गुरे आणि एक हजार घोडे दंड म्हणून मागितले. साडेतीन हजारांच्या आसपास गुरे पोहोचल्यावर त्यांनी फौजच पाठवली. बेरेआच्या पठारावर बासोथो घोडेस्वारांनी तिला जेरीस आणले. त्याच रात्री मोश्वेश्वेने गव्हर्नरांना पत्र धाडले: शिक्षा पुरेशी झाली, आता तह करावा. लढाईत वरचढ ठरलेल्याने मागितलेली ही माफी होती. कॅथकार्ट यांना अब्रू राखून परतायची वाट मिळाली आणि ते परतले.

मग जमीन का गेली?

कारण यापुढचे पाहुणे परतायला आलेले नव्हते. बोअर शेतकरी गवत-पाणी मागत आले, तेव्हा मोश्वेश्वेने त्यांना राहू दिले. त्याच्या लेखी जमीन सगळ्या समाजाची. ती वापरायला देता येते, विकता येत नाही. बोअरांनी ती आपलीच धरली. १८५४ मध्ये इंग्रज मागे हटले, ऑरेंज फ्री स्टेट उभे राहिले आणि १८५८ व १८६५ मध्ये युद्धे झाली. डोंगर पडला नाही. १८६५ च्या चढाईत बोअर सेनानी लौ वेपेनर खिंडीतच मारला गेला. पण बोअरांनी शेते जाळली, गुरे नेली आणि उपासमारीने काम केले. १८६६ च्या तहात बरीचशी सुपीक जमीन लिहून द्यावी लागली.

तोवर मोश्वेश्वे ऐंशीच्या घरात होता, मुलांमध्ये वारशावरून कुरबुरी होत्या. त्याने अनेक वर्षे इंग्रजांकडे केलेली संरक्षणाची विनंती अखेर १२ मार्च १८६८ रोजी मान्य झाली आणि बासुटोलँड ब्रिटिश छत्राखाली गेले. किंमत मोठी होती. १८६९ च्या करारात कॅलेडन म्हणजेच मोहोकारे नदीपलीकडची गव्हाची जमीन कायमची फ्री स्टेटकडे राहिली. बासोथोंकडे उरले ते मुख्यतः डोंगर. मात्र १९१० मध्ये दक्षिण आफ्रिकेचा संघ झाला, तेव्हा लंडनच्या अखत्यारीतील हा मुलूख त्यात गेला नाही. पुढे वर्णभेदी राजवटीचे कायदेही त्याला लागू झाले नाहीत.

आज काय उरले आहे?

मोश्वेश्वे ११ मार्च १८७० रोजी मरण पावला. तो दिवस लेसोथोत सुटीचा असतो आणि त्याची कबर थाबा बोसिऊच्या माथ्यावर आहे. ४ ऑक्टोबर १९६६ रोजी देश स्वतंत्र झाला तेव्हा गादीवर त्याचाच वंशज दुसरा मोश्वेश्वे होता. डोंगरांतले पाणी आज कात्से धरणातून जोहान्सबर्गच्या परिसराला विकले जाते, धान्य मात्र मोठ्या प्रमाणात शेजाऱ्याकडून आणावे लागते. नदीपलीकडची जमीन परत मागण्याचा प्रस्ताव २०२३ मध्ये लेसोथोच्या संसदेत चर्चेला आला होता. ती जमीन अजून दक्षिण आफ्रिकेच्या फ्री स्टेट प्रांतातच आहे.