विनू मांकड

क्रिकेटच्या इतिहासात अनेक खेळाडूंची नावे त्यांच्या पराक्रमामुळे चिरस्थायी झाली. विनू मांकड यांचे नाव मात्र पराक्रमाइतकेच एका वादामुळेही सर्वतोमुखी झाले.

त्यांचा जन्म १२ एप्रिल १९१७ रोजी सौराष्ट्रातील जामनगर येथे झाला. डाव्या हाताने फिरकी गोलंदाजी आणि उजव्या हाताने फलंदाजी, या दोन्ही कला त्यांनी सारख्याच निष्ठेने जोपासल्या. १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी हजाराहून अधिक धावा काढल्या आणि शंभराहून अधिक गडी बाद केले.

१९४७ च्या अखेरीस स्वतंत्र भारताचा संघ लाला अमरनाथ यांच्या नेतृत्वाखाली ऑस्ट्रेलियात गेला. सिडनी येथील एका सामन्यात मांकड गोलंदाजी करीत असता, त्यांच्या बाजूस उभा असलेला फलंदाज बिल ब्राऊन हा चेंडू सुटण्यापूर्वीच रेषा सोडून पुढे सरकत असे. मांकड यांनी त्यास प्रथम ताकीद दिली. तरीही तो थांबेना, तेव्हा त्यांनी चेंडू न टाकता यष्ट्या उडवून त्यास धावचीत केले. पुढे १३ डिसेंबर रोजी त्याच मैदानावर, दुसऱ्या कसोटी सामन्यात, ब्राऊन पुन्हा तसाच पुढे सरकला. या वेळी मांकड यांनी ताकीद न देताच त्यास बाद केले.

या कृतीवर टीकेची झोड उठली. नियम काहीही असो, बेसावध फलंदाजास असे बाद करणे खिलाडूपणास शोभत नाही, असे टीकाकारांचे म्हणणे होते. परंतु ज्याने चार पावले आधीच चोरली, त्याच्या खिलाडूपणाविषयी मात्र फारसे कोणी विचारले नाही! प्रतिपक्षाचे कर्णधार डॉन ब्रॅडमन यांनी पुढे आपल्या आत्मचरित्रात मांकड यांचीच बाजू घेतली. आपल्याच सहकाऱ्याचा दोष उघडपणे मान्य करण्यास मनाचा मोठेपणा लागतो.

मांकड यांची खरी थोरवी त्यांच्या परिश्रमांत होती. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रास येथे त्यांनी इंग्लंडचे बारा गडी बाद केले आणि भारतास कसोटीतील पहिला विजय लाभला. त्याच वर्षी लॉर्ड्सच्या मैदानावर त्यांनी ७२ व १८४ धावा काढल्या, शिवाय ९७ षटके गोलंदाजी केली. तो सामना भारताने गमावला, तरी मांकड यांच्या झुंजीस इंग्रज प्रेक्षकांनीही दाद दिली. १९५६ साली मद्रासलाच पंकज रॉय यांच्यासह त्यांनी सलामीस ४१३ धावांची भागीदारी केली. तो विक्रम ५२ वर्षे अबाधित राहिला.

२१ ऑगस्ट १९७८ रोजी मुंबई येथे त्यांचे निधन झाले. अशा रीतीने फलंदाज बाद करण्यास जगाने त्यांचेच नाव दिले होते, आणि ते बहुधा दूषण म्हणूनच उच्चारले जाई. २०२२ साली क्रिकेटच्या नियमकर्त्यांनी हा प्रकार अनुचित खेळाच्या कलमातून काढून साध्या धावचीतच्या कलमात घातला. हा न्याय मिळण्यास पाऊणशे वर्षे लागली.

नियमाचा आधार घेणारा दोषी, की नियम मोडून लाभ उठविणारा दोषी? मैदानावर उतरणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न प्रथम स्वतःच्या पावलांना विचारावा.