लिओनार्दो यांच्या वह्यांत अडकलेले यंत्रशास्त्र

‘मोना लिसा’चे चित्रकार लिओनार्दो दा विंची गती आणि यंत्रशास्त्राचेही चिकित्सक अभ्यासक होते. इटलीतील विंची परिसरात १५ एप्रिल १४५२ रोजी जन्मलेल्या लिओनार्दो यांना विद्यापीठीय शिक्षण लाभले नाही. निरीक्षण आणि प्रयोग हेच त्यांचे गुरू ठरले.

मिलानमधील वास्तव्यात त्यांनी चाके, कप्प्या, स्क्रू व स्प्रिंगा यांच्या कार्याची बारकाईने चिकित्सा केली. घर्षण भाराच्या प्रमाणात वाढते, मात्र स्पर्शपृष्ठाच्या क्षेत्रफळावर ते अवलंबून नसते, हा नियम त्यांनी १४९३च्या सुमारास नोंदवला. डाव्या हाताने, उजवीकडून डावीकडे लिहिलेल्या या नोंदी त्यांनी कधीच प्रसिद्ध केल्या नाहीत.

२ मे १५१९ रोजी फ्रान्समधील अँबॉइज येथे त्यांचे निधन झाले. वह्या शिष्य फ्रान्चेस्को मेल्झी यांच्याकडे आल्या. मेल्झी यांच्या मृत्यूनंतर मात्र त्या विखुरल्या. घर्षणाचे तेच नियम फ्रेंच शास्त्रज्ञ गियोम आमोंताँ यांनी १६९९ मध्ये स्वतंत्रपणे मांडले. यंत्रशास्त्रावरील एक महत्त्वाची वही तर माद्रिदच्या राष्ट्रीय ग्रंथालयात १९६०च्या दशकात पुन्हा सापडली.

काळाच्या दोन शतके पुढे असलेले हे संशोधन प्रकाशनाअभावी समकालीन विज्ञानाच्या उपयोगी पडू शकले नाही.