शिवणयंत्राचा शिल्पकार : इलायस हौ

शिवणवर्गात पहिल्या दिवशी कापड हाती मिळत नाही. आधी यंत्राच्या भागांची ओळख करून घ्यावी लागते : सुई, शटल, बॉबिन, टेन्शन, दाबपट्टी, दाते, चाक आणि पायडल. बिबवेवाडीत घरी बसून ब्लाऊज शिवून, साडीला फॉल लावून संसाराला हातभार लावणाऱ्या भगिनी पुष्कळ आहेत. शिकताना त्यांना हा पाठ रुक्ष वाटणे स्वाभाविक आहे. परंतु या प्रत्येक भागामागे कोणाची तरी बुद्धी आणि कोणाचे तरी हाल आहेत. सुई आणि शटल यांची जोडी जमवून तिचे पेटंट मिळवणाऱ्या इलायस हौ याचे चरित्र म्हणूनच आमच्या विद्यार्थिनींनी वाचावे असे आहे.

हौचा जन्म ९ जुलै १८१९ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात स्पेन्सर या गावी झाला. वडील शेतकरी होते व त्यांची गिरणीही होती. इलायस प्रकृतीने नाजूक आणि एका पायाने अधू होता. सोळाव्या वर्षी तो लोवेल येथे कापड गिरण्यांची यंत्रे बनवणाऱ्या कारखान्यात उमेदवारीला लागला. १८३७ च्या मंदीत ते काम सुटले. पुढे बोस्टन येथे उपकरणे बनवणाऱ्या एका कारागिराकडे तो नोकरी करू लागला. पगार तुटपुंजा, पदरी मुले, त्यात आजारपण. पत्नी एलिझाबेथ लोकांचे शिवणकाम आणून रात्री उशिरापर्यंत टाके घालीत बसे. तिच्या हातांकडे पाहत असताना, हे काम यंत्राने का होऊ नये, या विचाराने त्याला पछाडले.

प्रथम त्याने हाताच्या शिवणाची नक्कल करून पाहिली. दोन्ही टोकांना अणकुचीदार आणि मध्ये नेढे असलेली सुई त्याने केली. ती निरुपयोगी ठरली. अखेर त्याने सुईचे नेढे टोकाशी नेले आणि कापडाच्या दुसऱ्या बाजूला दुसरा दोरा ठेवला. सुई कापडात शिरून परत फिरू लागली की दोऱ्याचा एक फास तयार होतो. त्या फासातून शटल आपला दोरा घेऊन जाते आणि दोन्ही दोरे कापडाच्या मध्यावर एकमेकांत अडकतात. एक टाका तुटला तरी शिवण सहजासहजी उसवत नाही. हे नेढे स्वप्नात सुचले अशी आख्यायिका आहे. वस्तुतः वॉल्टर हंट या कारागिराने १८३३-३४ च्या सुमारास अशीच रचना केली होती. परंतु तिचे पेटंट त्याने घेतले नव्हते.

जॉर्ज फिशर या मित्राने हौच्या कुटुंबाला आपल्या घरी आसरा दिला व ५०० डॉलर पुरवले. १८४५ मध्ये यंत्र तयार झाले. पाच कुशल शिवणाऱ्या स्त्रियांशी त्याची जाहीर स्पर्धा लावण्यात आली. मिनिटाला सुमारे २५० टाके घालून यंत्राने त्या पाचही जणींना मागे टाकले. १० सप्टेंबर १८४६ रोजी पेटंट मिळाले. पण गिऱ्हाईक मिळेना. किंमत सुमारे ३०० डॉलर, आणि शिंप्यांना आपली रोजी जाण्याची धास्ती!

निराश होऊन हौ इंग्लंडला गेला. लंडनच्या विल्यम थॉमस या कारखानदाराने तेथील हक्क २५० पौंडांना घेतले. हौ त्याच्याकडे कामाला राहिला. परंतु दोघांचे पटले नाही. हौने मुलाबाळांना परत पाठवले, यंत्र आणि पेटंटचे कागद गहाण टाकले व १८४९ मध्ये जवळजवळ रिकाम्या हाताने तो मायदेशी आला. एलिझाबेथ क्षयाने अंथरुणाला खिळली होती. थोड्याच दिवसांत ती गेली. अंत्यविधीला जाण्यासाठी हौला कपडेही उसने घ्यावे लागले. जिच्या हातांना विसावा मिळावा म्हणून हा सारा खटाटोप, तिला त्याचे फळ पाहता आले नाही.

दरम्यान त्याचाच टाका वापरून इतरांनी यंत्रे विकायला सुरुवात केली होती. आयझॅक सिंगरने १८५१ मध्ये उभी सुई, दाबपट्टी आणि पायडल असलेले सोयीचे यंत्र आणले. ॲलन विल्सनने कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांची रचना केली. हौने न्यायालयात धाव घेतली व १८५४ मध्ये त्याचा हक्क मान्य झाला. १८५६ मध्ये प्रमुख उत्पादकांनी आपापली पेटंटे एकत्र केली. तेव्हापासून प्रत्येक यंत्रामागे हौला ५ डॉलर मिळू लागले आणि तो श्रीमंत झाला. तरीही यादवी युद्धात तो साधा शिपाई म्हणून दाखल झाला. पलटणीचा पगार थकला तेव्हा ती रक्कम त्याने स्वतःच्या खिशातून दिली. ३ ऑक्टोबर १८६७ रोजी, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्याचे निधन झाले.

आपल्या पुण्यात रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये सेवासदन सुरू केले, तेव्हा स्त्रियांना स्वतःच्या पायावर उभे करण्यासाठी शिवणकामाचे शिक्षण त्यांनी महत्त्वाचे मानले. ते महत्त्व आजही कमी झालेले नाही. मात्र यंत्र चालवता येणे वेगळे आणि यंत्र समजणे वेगळे. टाका सुटू लागला तर सुई वाकली आहे की उलटी बसली आहे ते पाहावे. खाली दोऱ्याचा गुंता झाला तर वरचा दोरा नीट ओवला आहे का ते तपासावे. कापड सरकेना तर दात्यांत अडकलेला कचरा काढावा. एवढे ज्ञान असलेल्या भगिनीचे काम ऐन सणाच्या दिवसांत मेकॅनिकची वाट पाहत अडून राहत नाही. तिची मजुरी तिच्या हाती राहते. एलिझाबेथच्या वाट्याला जे आले नाही, ते आमच्या मुलींच्या वाट्याला यावे.